रोड बाइकवर वेगवेगळ्या ग्रुपसेटचे पार्ट: कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापुरात रोड बाइक वाढल्या, तशा त्यांच्या खिचड्याही वाढल्या. शिफ्टर (गिअर बदलायचे लिव्हर) शिमानो कंपनीच्या सोराचे, मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा पार्ट) एमटीबीचा म्हणजे माउंटन बाइकचा, क्रँक कुणाच्या तरी शिमानो १०५ वरून उतरवलेला. यात हौस कमी आणि गरज जास्त असते. हवा तो पार्ट हव्या त्या दिवशी गावात मिळेलच असं नाही. मग पुण्याहून मागवा, ऑनलाइन सापडेल ते घ्या, नाहीतर मित्राच्या माळ्यावर धूळ खात पडलेला डिरेलर खाली काढा. रविवारी सकाळी रंकाळ्यावर सायकली टेकवून चहा घेताना जे प्रश्न हमखास निघतात, ते इथं उत्तरांसकट दिले आहेत. केबलचे आणि चकत्यांमधल्या अंतराचे आकडे व्यवहारापुरते गोल केलेत. जोडणी जमेल की नाही हे ठरवायला तेवढे पुरतात.

ग्रुपसेटमध्ये नेमकं काय काय येतं?

शिफ्टर (रोड बाइकला ब्रेकचे लिव्हरही त्यातच असतात), पुढचा आणि मागचा डिरेलर, क्रँक (पायडलचे दांडे) आणि चेनरिंग (पुढच्या दातेरी चकत्या), बॉटम ब्रॅकेट म्हणजे बीबी (क्रँक ज्यात फिरतो ती बेअरिंग), कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा), चेन आणि ब्रेक. चाकं, हँडल, सॅडल यात येत नाहीत. शिमानोची रोडची उतरंड खालून वर अशी: क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, ड्युरा-एस. स्रॅमची अशी: एपेक्स, रायव्हल, फोर्स, रेड. कॅम्पाग्नोलो आपल्याकडे क्वचितच दिसतो.

मग मिसळलं तर चालतं का?

चालतं. कंपनीच्या तक्त्यात बसत नसलेल्याही कितीतरी जोड्या वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात. फक्त तीन जोड्यांत तडजोड नको: शिफ्टर आणि त्याचा डिरेलर, चेन आणि कॅसेट, ब्रेकचा लिव्हर आणि ब्रेक. या तीन सांभाळल्या की बाकी बरंच निभावतं. क्रँक अल्टेग्राचा आणि कॅसेट सनरेस या दुसऱ्याच कंपनीची असली तरी सायकलला त्याचा पत्ता लागत नाही.

पार्टवर छापलेलं नाव बघून मात्र काही ठरवू नका. एकाच नावाच्या दोन पिढ्या एकमेकींशी जमत नाहीत आणि वेगळ्या नावांचे, वेगळ्या किमतीचे पार्ट गुण्यागोविंदाने नांदतात, असं शिमानोत नेहमीचंच आहे.

दोन्हीवर "१० स्पीड" लिहिलंय, दोन्ही टियाग्रा. तरी गिअर पडत नाहीत. असं कसं?

सगळ्यात जास्त पैसे याच प्रश्नात वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

शिफ्टरची एक क्लिक ठरावीक मिलिमीटर केबल ओढते. ती ओढ डिरेलर एका ठरावीक पटीने वाढवून चेनला बाजूला सरकवतो. या दोन आकड्यांचा गुणाकार कॅसेटच्या दोन दातेरी चकत्यांमधल्या अंतराएवढा आला, की गिअर टकाटक पडतात. स्पीड किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

शिमानोच्या जुन्या रोड डिरेलरची पट १.७ आहे. ८ स्पीडचा, म्हणजे मागे ८ चकत्यांचा, शिफ्टर एका क्लिकला सुमारे २.८ मिमी केबल ओढतो, ९ चा २.५ आणि १० चा २.३. गुणाकार करून बघा: ४.७६, ४.२५, ३.९. कॅसेटमधली अंतरं साधारण ४.८, ४.३५ आणि ३.९५ आहेत. म्हणजे जुन्या ८, ९, १० स्पीडचा मागचा डिरेलर तिघांमध्ये अदलाबदल करून चालतो. तो बिचारा स्पीड मोजतच नाही, मोजणी सगळी शिफ्टरमध्ये होते.

११ स्पीड आणताना शिमानोने हे गणित बदललं. शिफ्टर जास्त केबल ओढायला लागला, सुमारे २.७ मिमी, आणि डिरेलरची पट १.४ वर आली. कारण साधं आहे. अंतरं बारीक होत गेली तशी केबलमधली किंचित ढिलाई किंवा चिखलसुद्धा गिअर चुकवायला लागला. केबल जास्त ओढली की तेवढीच चूक कमी जाणवते. मग टियाग्राची ४७०० ही पिढी आली. ती १० स्पीडचीच, पण गणित नव्या ११ स्पीडचं.

आता जुन्या ४६०० टियाग्राच्या शिफ्टरला ४७०० चा डिरेलर लावा. २.३ गुणिले १.४ म्हणजे ३.२२. हवे होते ३.९५. दर क्लिकला पाऊण मिलिमीटर कमी पडतो. पहिले एक-दोन गिअर कसेबसे पडतात, मधल्या गिअरवर चेन खडखडते, आणि नऊ क्लिक संपेपर्यंत जवळजवळ दोन चकत्यांचा घाटा होतो. बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करायचा फिरवता स्क्रू) कितीही फिरवा, एका टोकाला जुळवलं की दुसरं टोक बिघडतं. हे लक्षण ध्यानात ठेवा. सगळीकडे सारखाच फरक असेल तर तो केबलच्या ताणाचा. गिअरगणिक वाढत जात असेल तर जोडीच चुकलेली.

यातली चांगली बाजू अशी की टियाग्रा ४७०० च्या शिफ्टरला ११ स्पीड १०५ चा, म्हणजे ५८०० किंवा आर७००० चा मागचा डिरेलर चालतो. कॅसेट आणि चेन १० चीच ठेवायची. जीआरएक्सचा (शिमानोचा कच्च्या रस्त्यांसाठीचा ग्रुपसेट) आरएक्स४०० डिरेलर तर त्याच गणिताचा आहे आणि ३६ दातांपर्यंत जातो.

जुना का नवा, हे ओळखायचं कसं?

नाव वाचू नका, नंबर वाचा. मागच्या डिरेलरवर, बहुधा आतल्या बाजूला, आरडी ने सुरू होणारा कोड कोरलेला असतो. एफडी म्हणजे पुढचा डिरेलर, एसटी शिफ्टर, सीएस कॅसेट, सीएन चेन, एफसी क्रँक, बीआर ब्रेक. शेवटी एसएस असेल तर डिरेलरचा पिंजरा (खाली लोंबणारा, दोन छोट्या चाकांचा भाग) आखूड, जीएस असेल तर लांब. जुना पार्ट विकणाऱ्याकडे फोटो मागताना "डिरेलरचा फोटो पाठवा" म्हणू नका, "कोडचा फोटो पाठवा" म्हणा. "चकाचक कंडिशन"चे बाहेरून काढलेले फोटो काही सांगत नाहीत.

पन्हाळा चढताना जीव जातो. नुसती मोठी कॅसेट घातली तर?

आपल्या भागात हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि येणारच. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा सुमारे ४०० मीटर उंच, आणि ती उंची जवळजवळ सगळी वाघबीळनंतरच्या चढात आहे. केर्लीवरून जोतिबाला वळलात तरी सुटका नाही. दुकानातून आलेल्या बऱ्याच रोड बाइकला मागे २५ किंवा २८ दातांची चकती असते. पुढे ३४ आणि मागे २८ असताना मिनिटाला ६० पायडल मारले, तर वेग ताशी ९ किलोमीटरच्या आसपास येतो. मागे ३४ घातली की तेच पायडल साडेसात किलोमीटरवर फिरतात. ऐकायला दीड किलोमीटर, पण शेवटच्या वळणांवर गुडघ्यांना तो फरक कळतो.

कॅसेट बदलताना मागच्या डिरेलरच्या दोन मर्यादा बघायच्या. एक, तो जास्तीत जास्त किती दातांच्या चकतीखाली मावतो. दोन, तो किती चेन गोळा करू शकतो. दुसरीचा हिशोब असा: पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक अधिक कॅसेटच्या मोठ्या-लहान चकतीतला फरक. ५०/३४ आणि ११-२८ असेल तर १६ अधिक १७, म्हणजे ३३. ११-३४ असेल तर १६ अधिक २३, म्हणजे ३९. १०५ आर७००० चा आखूड पिंजऱ्याचा डिरेलर ३० दात आणि ३५ क्षमतेपर्यंतचा आहे. लांब पिंजऱ्याचा ३४ आणि ३९. ११-३४ ला लांबच लागतो. कंपनीचे आकडे थोडे हात राखून दिलेले असतात, एक-दोन दात जास्त बऱ्याचदा खपतात. पण चार-सहा दातांची आशा धरू नका.

जुन्या गणिताच्या ८, ९ किंवा १० स्पीडवाल्यांना एक स्वस्त आणि मस्त रस्ता आहे. शिमानोच्या ९ स्पीड एमटीबीच्या मागच्या डिरेलरची पटही १.७ च आहे. त्यामुळे अलिव्हिओ किंवा ९ स्पीड डिओरेचा लांब डिरेलर सोराच्या शिफ्टरला थेट लागतो, ११-३४ सहज पेलतो, आणि किंमत आटोक्यात राहते. घाटासाठी याच्याइतकी पैसा वसूल जोडणी मला दुसरी माहीत नाही. मात्र १० स्पीडचा एमटीबी डिरेलर घेऊ नका. त्याचं गणित वेगळं आहे, तो कुठल्याच शिमानो रोड शिफ्टरशी सरळ जुळत नाही. दुकानदार "एमटीबीचा चालतोय की" म्हणेल. कितवा स्पीड ते विचारा.

आणि मोठी कॅसेट घातली की चेन नवी, लांब घ्या. डिरेलरमधून न ओवता चेन पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून गुंडाळा, जिथं टोकं भेटतात त्याच्यापुढे आणखी दोन कड्या ठेवा. जुनी आखूड चेन तशीच ठेवून चढावर चुकून मोठी-मोठी जोडी पडली, तर डिरेलर ताणून हँगरसकट (ज्या पट्टीने तो फ्रेमला लागतो तिच्यासकट) तुटतो, कधी कधी आरेही घेऊन जातो.

डिरेलर बदलायचा नाही, खर्च नको. मग?

हँगर लिंक नावाची छोटी पट्टी मिळते. ती डिरेलर खाली सरकवते, मोठी चकती मावते. पण चेन गोळा करायची क्षमता वाढत नाही, म्हणजे छोटी-छोटी जोडी वापरायची नाही हे लक्षात ठेवावं लागतं. दुसरा उपाय म्हणजे बी-स्क्रू, म्हणजे डिरेलरला कॅसेटपासून दूर ढकलणारा स्क्रू, आत घेणं. त्यात दोन दात मिळाले तर मिळाले.

नवी कॅसेट माझ्या चाकावर बसेल का?

शिमानो आणि स्रॅमच्या ८ ते ११ स्पीडच्या बहुतेक रोड कॅसेटना एकाच नमुन्याच्या खाचा असतात. फरक लांबीचा आहे. ११ स्पीड रोडचा फ्रीहब (चाकाचा कॅसेट बसते तो भाग) जुन्यापेक्षा १.८५ मिमी लांब. त्यामुळे ८, ९, १० ची कॅसेट ११ च्या चाकावर मागे १.८५ मिमीचा स्पेसर घालून बसते. उलट ११ ची रोड कॅसेट जुन्या चाकावर बसत नाही. याला एक उपयोगी अपवाद आहे: शिमानोच्या एचजी७०० आणि एचजी८०० या ११ स्पीडच्या ११-३४ कॅसेट जुन्या, आखूड फ्रीहबवरही बसतात, कारण त्यांची मोठी चकती आरांच्या बाजूला झुकवलेली आहे. जुनी चाकं ठेवून ११ स्पीडला जायचं असेल तर याच घ्या. शिमानोच्या काही १० स्पीड कॅसेटना मागे आणखी १ मिमीची पातळ रिंग लागते. ती खोक्यातच येते आणि खोक्याबरोबरच कचऱ्यात जाते.

स्रॅमच्या १२ स्पीड एएक्सएसच्या (वायरलेस इलेक्ट्रॉनिक गिअरच्या) बहुतेक कॅसेटना एक्सडीआर नावाचा वेगळा फ्रीहब लागतो, कॅम्पाग्नोलोच्या खाचा वेगळ्या. तिथं स्पेसरने भागत नाही.

स्पेसर हरवला. आता?

इथं कोल्हापूरकर नशीबवान. शिवाजी उद्यमनगरात लेथवर बसलेल्या माणसाला ॲल्युमिनियमची १.८५ मिमीची रिंग म्हणजे हातचा मळ. जाताना फ्रीहबसकट चाक घेऊन जा, आतलं माप तिथंच घेता येतं. सांगायच्या गोष्टी दोनच: दोन्ही तोंडं समांतर पाहिजेत, आणि कडांचा बर (कापताना राहिलेली धारदार कोर) काढून टाका. जाडीत एक दशांश मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर आभाळ कोसळत नाही, कारण मागचा स्पेसर सगळी कॅसेट एकत्रच सरकवतो आणि ते बॅरल ॲडजस्टरने जुळवता येतं. बघायचं एवढंच, की लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी वरची रिंग) ४० न्यूटन-मीटरला आवळल्यावर कॅसेट हाताने हलता कामा नये. हलली तर रिंग पातळ झाली. चकत्यांच्या मधले स्पेसर मात्र लेथवर करून घेऊ नका. तिथली चूक गिअरगणिक साठत जाते.

चेन कुठली घ्यायची, शिफ्टरची का कॅसेटची?

कॅसेटची. मागे ९ चकत्या असतील तर ९ स्पीडची चेन, बस्स. कड्यांमधलं अंतर सगळ्या चेनचं सारखंच, अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. फरक बाहेरच्या रुंदीत: ८ ची साधारण ७.१, ९ ची ६.६, १० ची ५.९, ११ ची ५.५ मिमी. रुंद चेन अरुंद कॅसेटवर शेजारच्या चकतीला घासते. अरुंद चेन रुंद कॅसेटवर चालते, पण गिअर पडायला आळस करते आणि महागही पडते.

कंपनी कुठलीही चालते. शिमानोच्या कॅसेटवर केएमसी किंवा स्रॅमची चेन वर्षानुवर्षं चालते. याला अपवाद स्रॅमच्या १२ स्पीड रोडची सपाट पाठीची चेन. तिचे रोलर मोठे आहेत, तिला तिच्याच घराण्याची कॅसेट आणि चेनरिंग लागते.

जुन्या कॅसेटवर नवी चेन घालण्याआधी झीज मोजा. ११ आणि १२ स्पीडला ०.५ टक्के, त्याखालच्यांना ०.७५ टक्के झीज झाली की चेन बदलायची. त्याच्या पुढे गेलात तर कॅसेटही गेली समजा, आणि नवी चेन जोर दिला की दात सोडून उडी मारेल. मग लोक म्हणतात, "मिक्स केल्यामुळं झालं." मिक्सचा त्यात काही दोष नसतो.

क्लॅरिस आहे, ८ स्पीड. सोरावर जायला सगळं बदलायचं?

नाही. शिफ्टर, ९ ची कॅसेट, ९ ची चेन. मागचा डिरेलर तोच ठेवा, क्रँक तोच ठेवा, चाक तेच. डाव्या बाजूला शिफ्टर आणि पुढचा डिरेलर एकाच पिढीचे आहेत ना एवढं तपासा.

पण करावं का? माझं मत स्पष्ट आहे: एका जादा चकतीसाठी एवढा खर्च करू नये. ८ स्पीडचे पार्ट स्वस्त, चेन दणकट, आणि ११-३४ कॅसेट ८ मध्येही मिळते. तेच पैसे चांगल्या टायरमध्ये घाला.

सायकलला शिमानोचा ७ स्पीडचा टुर्नी असेल तर आधी मागचं चाक बघा. बऱ्याच वेळा त्याला कॅसेट नसतेच, आट्यांवर फिरवून बसवलेला फ्रीव्हील असतो. तसं असेल तर पुढे जायला आधी चाक किंवा हब बदलावा लागतो, आणि मग हिशोब दुसऱ्याच सायकलपर्यंत जातो.

शिमानोचा शिफ्टर, स्रॅमचा डिरेलर?

नाही. स्रॅमचा १० आणि ११ स्पीडचा रोड शिफ्टर क्लिकला सुमारे ३.१ मिमी केबल ओढतो आणि त्याच्या डिरेलरची पट १.३. स्रॅमच्या आतल्या आत मात्र मोकळीक आहे: १० स्पीड रोड शिफ्टरला १० स्पीडचा एमटीबी डिरेलर लागतो.

कॅसेट आणि चेनला हे बंधन नाही. शिमानोच्या शिफ्टर-डिरेलरबरोबर स्रॅमची ११ स्पीड कॅसेट खुशाल वापरा.

केबलची ओढ बदलणारे छोटे पुली अडॅप्टरही बाजारात आहेत, जेटेकचा शिफ्टमेट किंवा वुल्फ टूथचा टॅनपॅन. ते काम करतात. पण त्यांची किंमत आणि मागवण्याचा खर्च धरला तर आपल्याकडे जुना योग्य डिरेलर शोधणं जवळजवळ नेहमी स्वस्त पडतं.

क्रँक आणि पुढचा डिरेलर?

क्रँक सगळ्यात समजूतदार. ११ स्पीडचा क्रँक १० च्या चेनवर चालतो, १० चा ९ वर चालतो. बघायची ती बीबी. शिमानोच्या होलोटेक २ चा दांडा २४ मिमी, स्रॅमच्या जीएक्सपीचा एका बाजूला २४ आणि दुसऱ्या बाजूला २२, स्रॅमच्याच डबचा २८.९९. बीबी क्रँकप्रमाणे आणि फ्रेमप्रमाणे, दोन्हीकडून जुळली पाहिजे. डाव्या हाताचे दोन बोल्ट १२ ते १४ न्यूटन-मीटरला, आळीपाळीने आवळा.

पुढच्या डिरेलरचा विचार डाव्या शिफ्टरसोबत करा. शिमानोने त्याचीही केबलची ओढ ११ स्पीडच्या वेळी बदलली, म्हणून पिढी एकच ठेवलेली बरी. आणि जीआरएक्सचा क्रँक घेतलात तर पुढचा डिरेलरही जीआरएक्सचाच घ्या: तिथं चेनलाइन, म्हणजे पुढे चेन जिथून धावते ती रेघ, रोडपेक्षा २.५ मिमी बाहेर आहे, रोडचा डिरेलर मोठ्या चेनरिंगपर्यंत पोचताना रडतो.

ब्रेकमध्ये किती जुगाड चालतो?

माझ्या मते शून्य. गिअर चुकला तर चढावर शिव्या घालता येतात. गगनबावड्याहून करूळ घाट पावसात उतरताना ब्रेक चुकला तर शिव्या घालायलाही वेळ मिळत नाही.

शिमानोने २००८ नंतर टप्प्याटप्प्याने रोड लिव्हरची ओढही बदलली. नवा लिव्हर जास्त केबल ओढतो. त्याला जुना कॅलिपर (चाकाला पकडणारा ब्रेकचा भाग) लावला तर लिव्हर हाताला कडक, लाकडी लागतो आणि पकड कमी. उलट जुना लिव्हर आणि नवा कॅलिपर लावला तर लिव्हर हँडलला टेकेपर्यंत येतो, आणि धरला की एकदम जोरात धरतो. रोड लिव्हरला व्ही-ब्रेक लावू नका, त्याला दुप्पटीच्या आसपास केबल लागते. केबलच्या डिस्क ब्रेकमध्येही रोड आणि एमटीबी अशा दोन जाती आहेत. बीबी७ (हे ब्रेकचं मॉडेल, बॉटम ब्रॅकेट नव्हे) घेताना खोक्यावर रोड लिहिलंय का बघा.

हायड्रॉलिक असेल तर लिव्हर आणि कॅलिपर एकाच कंपनीचे. शिमानोत मिनरल ऑइल असतं, स्रॅमच्या रोड ब्रेकमध्ये डॉट ५.१. एकाचं तेल दुसऱ्यात गेलं की आतले सील फुगतात नाहीतर विरघळतात. मोटरसायकलच्या गॅरेजमधली डॉटची बाटली हाताशी आहे म्हणून शिमानोत ओतू नका.

इलेक्ट्रॉनिक गिअर?

थोडक्यात: शिमानोचे ११ स्पीड डीआय२ (त्यांचे इलेक्ट्रॉनिक गिअर) आणि २०२१ पासूनचे १२ स्पीड डीआय२ एकमेकांशी बोलत नाहीत, वायरसुद्धा वेगळी. स्रॅम एएक्सएसमध्ये उलट मोकळं रान आहे. रोडचा शिफ्टर आणि ईगलचा एमटीबी डिरेलर सहज जोडले जातात. पन्हाळ्यासाठी ही जोडी नाद खुळा, पण खिसा बघून.

मायक्रोशिफ्ट, सेन्सा, एलटू यांचं काय?

मायक्रोशिफ्ट तैवानची, बरीच जुनी कंपनी. तिचे रोडचे ८, ९, १० स्पीड शिफ्टर शिमानोच्या जुन्या गणिताशी जमतात. शिमानोचा शिफ्टर मिळेना किंवा परवडेना, तर हा पर्याय चांगला. मात्र तिचं ॲडव्हेंट घराणं वेगळं, ते त्याच्याच डिरेलरसोबत. सेन्सा आणि एलटू या कंपन्यांचे पार्ट घेतलेत तर शिफ्टर आणि डिरेलर जोडीनेच घ्या.

सगळं जुळतंय, तरी गिअर नीट पडत नाहीत. कुठं चुकलं?

बहुधा कुठंच नाही. सायकलच्या दुसऱ्याच भागात दुखतंय. क्रमाने बघा.

आधी हँगर. ऊसाच्या हंगामात ट्रॉलीला वाट द्यायला साइडपट्टीवर उतरलात आणि उजव्या कुशीवर आडवे झालात, की ॲल्युमिनियमचा हँगर थोडा आत वाकतो. डोळ्यांना दिसत नाही, पण मोठ्या चकतीवर चेन खडखडते. हँगर सरळ करायचं टूल असलेल्या मेकॅनिककडे जा. हाताने वाकवू नका.

मग केबल. बळिंगा-कळे मार्गे गगनबावड्याला पावसाळ्यात जाऊन आलात की लाल चिखल आउटरमध्ये, म्हणजे केबलवरच्या नळीत, शिरलेला असतो. खालच्या, डिरेलरजवळच्या वळणातल्या आउटरचं टोक काढून बघा; तिथून घासल्याचा करकर आवाज आला तर ते बदला. गिअरला ४ मिमीचा गिअरचाच आउटर लागतो. ब्रेकचा ५ मिमीचा लावला की तो दाबला जातो आणि क्लिक विरघळते. शिमानोच्या ११ स्पीड शिफ्टरमध्ये केबलचं डोकं जिथं वळतं तिथं तारा एक-एक तुटतात, बाहेरून काही दिसत नाही. गिअर अचानक हट्टी व्हायला लागले की आधी तिथं बघा. केबल शिफ्टरमध्येच तुटली तर तुकडा काढणं म्हणजे संध्याकाळ गेली.

एवढं झाल्यावर चेन आणि कॅसेटची झीज, आणि सगळ्यात शेवटी जोडणीवर संशय.

कुठल्याही शिफ्टरला कुठलाही डिरेलर लागेल असं काहीच नाही का?

आहे: फ्रिक्शन शिफ्टर. यात क्लिक नसतात. लिव्हर हवा तेवढा सरकवायचा, कानाने ऐकून जुळवायचं. शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एसवर क्लिकवाले गिअर आणेपर्यंत रोड बाइकवर मुख्यतः हेच चालायचं. हँडलच्या टोकाला लावायचे फ्रिक्शन शिफ्टर आजही मिळतात. लांब पल्ल्याला जाणाऱ्यांनी एकदा विचार करावा. वाटेत डिरेलर मोडला आणि भलताच मिळाला तरी घरी पोचता येतं.

मेकॅनिक म्हणतो, पूर्ण ग्रुपसेटच घ्या. ऐकू का?

कधी कधी तो बरोबर असतो. शिफ्टर, डिरेलर, कॅसेट, चेन असं चौघांपैकी तिघं गेले असतील तर पूर्ण संच स्वस्त पडतो, आणि उरलेले जुने पार्ट विकले जातात. एकच पार्ट गेला असेल तर नाही. मेकॅनिकचीही बाजू आहे: जुळवाजुळवीत त्याचा अर्धा दिवस जातो, आणि नाही जमलं तर गिऱ्हाईक त्यालाच धरतं. म्हणून कोड नंबर घरून लिहून न्या, पार्ट स्वतः आणा आणि जमलं नाही तर मजुरी तरी देईन हे आधी सांगा. वॉरंटी असलेल्या नव्या सायकलवर मात्र पहिलं वर्ष काही मिसळू नका.

जोडणी झाली. तपासायची कशी?

स्टँडवर सगळे गिअर पडले म्हणून खूश होऊ नका, तिथं चेनवर ताणच नसतो. आधी रंकाळ्याभोवती सपाटीवर एक-एक गिअर वर आणि खाली करा. मग पुढे-मागे मोठी-मोठी जोडी टाकून डिरेलर किती ताणतो ते उभं राहून बघा, छोटी-छोटीवर चेन लोंबते का ते बघा. मागचा लो लिमिट स्क्रू (चेनला मोठ्या चकतीपलीकडे जाऊ न देणारा) तपासल्याशिवाय चढाला जाऊ नका. चेन मोठ्या चकतीच्या पलीकडे आरांत पडली तर चाक, डिरेलर आणि हँगर तिन्ही एकदम जातात. पहिला चढ पन्हाळ्याचा करू नका, जवळचा छोटा निवडा. खिशात बॅरल फिरवायला हात, ५ मिमीची ॲलन की आणि एक क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) ठेवा. नव्या केबल पहिल्या काही फेऱ्यांत ताणतात, बॅरल अर्धा-पाऊण फेरा घ्यावा लागतो.